आईला स्क्रब टायफस दुसऱ्यांदा कसा झाला, आणि ‘स्ट्रेन’ तपासून घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई पुण्यात नोकरी करतात, आई भंडारा जिल्ह्यात साकोलीच्या बाजूला गावी असतात. वय ५८, घरची धानाची शेती. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात त्यांना स्क्रब टायफस, म्हणजे शेतातल्या बारीक किड्याच्या अळीमुळे होणारा ताप, झाला होता. काखेत काळी खपली, पाच-सहा दिवस ताप, मग गोळ्यांवर बऱ्या झाल्या. यंदा सप्टेंबरात पुन्हा ताप आला. या वेळी खपली कुणाला दिसली नाही, आठव्या दिवशी दम लागला आणि आयसीयूत चार दिवस काढावे लागले. आता घरी आहेत, पण कानात गुंऽ आवाज येतो आणि कमी ऐकू येतं. त्याच आठवड्यात शेजारचे एक काका याच आजाराने गेले. डॉक्टर म्हणाले, “या वेळचा स्ट्रेन वेगळा असेल.” (स्ट्रेन म्हणजे एकाच जंतूचा वेगळा वाण.) ताईंचं विचारणं असं: एकदा होऊन गेलेला आजार परत कसा होतो? काही स्ट्रेन जास्त घातक असतात का? आणि आईचा स्ट्रेन कुठे तपासून मिळेल?

मी फिजिशियन आहे, बावीस वर्षं पूर्व विदर्भातच प्रॅक्टिस करतोय. आईंची फाइल मी पाहिलेली नाही, त्यामुळे त्यांच्या उपचारांवर शेरा मारणार नाही. पण ताई, तुमचा मजकूर वाचून वाटलं की स्ट्रेनपेक्षा दुसरंच काही तुम्हाला खातंय. आपलं काही चुकलं का, आणि तिसऱ्यांदा झालं तर वेळेत कसं कळणार, हे ते. दोन्हींबद्दल लिहितो. उत्तर आधीच सांगून टाकतो: आजार परत होतो, आणि त्याचं कारण जंतूंची विविधता हेच आहे. काही स्ट्रेन जास्त जहाल असतात, यातही तथ्य आहे. पण स्ट्रेन तपासून आईंच्या उपचारात काडीचाही फरक पडला नसता. फरक पडतो तो डॉक्सीसायक्लिन (या आजारावरचं औषध) तापाच्या कितव्या दिवशी पोटात गेली याने.

सुरुवात नावापासून करू, कारण आमच्याकडे निम्मा घोळ तिथेच होतो. टायफस म्हणजे टायफॉइड नाही. टायफॉइड दूषित अन्नपाण्यातून होतो, त्याचा जंतू वेगळा, औषधं वेगळी. पण बाह्यरुग्ण विभागात मी रोज पाहतो, पेशंट सांगतो “मागच्या साली टायफॉइड झाला होता”, आणि पिशवीतून कागद काढला की त्यावर स्क्रब टायफस असतं. उलटंही होतं. ताप आला की गावात टायफॉइडची विडाल टेस्ट होते, ती बऱ्याचदा उगाचच पॉझिटिव्ह येते, आणि पेशंटला रोज एक सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शन सुरू होतं. स्क्रब टायफसवर त्या इंजेक्शनचा उपयोग शून्य. हा जंतू आपल्या पेशींच्या आत शिरून राहतो, आणि पेनिसिलिनच्या कुळातली औषधं जिच्यावर घाव घालतात ती भिंत त्याच्याकडे नावापुरतीच असते. चार-पाच दिवस असे जातात. घरचे म्हणतात, उपचार तर चालूच होते. चालू होते हे खरं, पण भलत्याच आजाराचे.

जंतूचं नाव ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी. जपानीत ‘त्सुत्सुगा’ म्हणजे पीडा आणि ‘मुशी’ म्हणजे किडा. हा किडा म्हणजे माइट, कोळ्यांच्या कुळातला. मृगाचा पाऊस पडला की बांधावर लाल मखमली किडे निघतात, ज्यांना आपण मृगाचे किडे म्हणतो, ते तुम्ही लहानपणी काडेपेटीत धरून ठेवले असतील. ते निरुपद्रवी आहेत. स्क्रब टायफसचा माइट हा त्यांचा दूरचा भाऊबंद, लेप्टोट्रॉम्बिडियम नावाचा. भारतात मुख्यतः लेप्टोट्रॉम्बिडियम डेलिएन्स ही जात. त्याची सहा पायांची अळी, जिला चिगर म्हणतात, ती जेमतेम पाव मिलिमीटरची. चष्मा लावूनही तुमच्या आईंना दिसणार नाही.

या अळीच्या आयुष्यातली एकच गोष्ट नीट समजली की बाकी बरंचसं उलगडतं. ती जन्मात फक्त एकदा अंगावर चढते. एरवी उंदराच्या, चिचुंद्रीच्या. वाटेत आलं तर माणसाच्या. दोन-चार दिवस चिकटून राहते, कातडीतला द्रव शोषते (रक्त नव्हे), मग गळून पडते आणि उरलेलं आयुष्य मातीत काढते. म्हणजे एका माणसाला चावून ती दुसऱ्याला आजार देऊच शकत नाही. मग जंतू तिच्यात आला कुठून? आईकडून. मादीच्या अंड्यांतून तो पुढच्या पिढीत उतरतो. जंतूचं खरं कोठार उंदीर नाही, माइट आहे. उंदीर म्हणजे माइटची भाकर. म्हणून उंदीर वाढले की माइट वाढतात आणि माइट वाढले की आजार वाढतो.

आता एक बांध डोळ्यांसमोर आणा. माइट फार लांब जात नाहीत. पाणी, सावली, गवत आणि उंदरांची बिळं जिथे एकत्र येतात अशा तुकड्यांत ते राहतात. एखादा तुकडा माइटांनी गच्च असतो आणि वीस पावलांवर एकही नसतो. प्रत्येक तुकड्यातल्या माइटांच्या कुळात जंतूचा आपापला वाण पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. एका गावात एकाच वेळी दोन-तीन वाण फिरत असतील तर त्यात नवल नाही. आपल्याकडे नाही का, एकाच शिवारात एकाने जयश्रीराम धान लावलेला असतो आणि बांधापलीकडे दुसऱ्याने एचएमटी.

वाण वेगळे म्हणजे नेमकं काय वेगळं? या जंतूच्या बाहेरच्या आवरणावर ५६ किलोडाल्टन वजनाचं एक प्रथिन असतं. आपल्या शरीराची संरक्षणव्यवस्था त्याला प्रामुख्याने या प्रथिनावरून ओळखते. या प्रथिनात चार जागा अशा आहेत की तिथली रचना वाणागणिक बदलते. माणूस तोच, अंगातला सदरा मात्र दर वेळी नवा, असं समजा. सदऱ्यांची मूळ नावं जुनी आहेत. गिलियम हा वाण दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या सीमेवर सापडला, कार्प न्यू गिनीत, दोन्ही १९४३ चे. काटो जपानचा. नंतर जपानमध्ये कावासाकी, कुरोकी, शिमोकोशी, कोरियात बोर्योंग, थायलंडमध्ये टीए७१६ असे वाढत गेले. आज जनुकं वाचून पाहिली तर एकेका नावाखाली पोटजातींची रांग लागते, म्हणून रिपोर्टात ‘कार्पसारखा’, ‘काटोसारखा’ असंच लिहितात. आपल्या देशात शिमला, शिलाँग, वेल्लोर अशा एकमेकांपासून लांबच्या ठिकाणी केलेल्या तपासण्यांत काटोसारखे आणि कार्पसारखे वाण जास्त सापडले, गिलियमसारखे थोडे. गंमत म्हणजे गिलियम मुळात आपल्याच सीमेवरचा.

इतकी विविधता येते कुठून, याला या जंतूचा स्वभाव कारणीभूत आहे. पेशीच्या आत राहणारे जंतू सहसा आपला जनुकसंच आटोपशीर ठेवतात. याने उलट केलं. सुमारे वीस लाख अक्षरांच्या त्याच्या जनुकसंचात जवळजवळ निम्मा मजकूर पुन्हा पुन्हा आलेला आहे. २००७ मध्ये कोरियाच्या बोर्योंग वाणाचा आणि २००८ मध्ये जपानच्या इकेडा वाणाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा हे उघड झालं. असे पुनरावृत्त तुकडे असले की त्यांची अदलाबदल सोपी होते. शिवाय एकाच माणसात, एकाच उंदरात दोन वाण एकदम सापडल्याच्या नोंदी आहेत. एका घरात दोघं राहिले की देवाणघेवाण होणारच.

आता तुमचा पहिला प्रश्न. एकदा आजार झाला की त्याच वाणाविरुद्ध शरीर काही वर्षं तयारीत राहतं. दुसऱ्या वाणाविरुद्ध ही तयारी काही महिनेच पुरते. दोन वर्षांपूर्वी आईंना एक वाण भेटला, यंदा बहुधा दुसरा. हे नवीन नाही, महायुद्धापासून ठाऊक आहे. ब्रिटिशांनी १९४५ मध्ये आपल्या सैन्यासाठी उंदरांच्या फुप्फुसांपासून लस बनवली होती, तिने संरक्षण मिळालं नाही. त्यानंतर आजतागायत वापरात येईल अशी लस निघालेली नाही, आणि त्यामागचं एक मोठं कारण हे बदलते सदरे आहेत. डॉक्टर ‘स्ट्रेन वेगळा असेल’ म्हणाले, ते म्हणून अगदीच हवेत नव्हतं. फक्त एक पुस्ती जोडतो: पहिल्या आजारानंतरची आयजीएम प्रतिपिंडं (जंतूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) रक्तात कित्येक महिने, कधी वर्षभरही राहतात. सहा महिन्यांनी वेगळ्याच तापात कुणी चाचणी केली तर जुनाच रिपोर्ट नव्याने पॉझिटिव्ह येतो. तुमच्या आईंच्या बाबतीत मध्ये दोन वर्षं गेलीत आणि आजाराचं चित्रही जुळतंय, त्यामुळे हा नवाच आजार असावा असं मला वाटतं.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. जहाल वाण असतात का? जपानचं उदाहरण घ्या. होन्शू बेटाच्या वायव्येला, निइगाता, यामागाता आणि अकिता भागांतल्या नद्यांच्या काठी उन्हाळ्यात एक जीवघेणा ताप यायचा. तो काटो वाणाचा, आणि तो पसरवणारा माइट अकामुशी नावाचा, म्हणजे ‘लाल किडा’. युद्धानंतर जपानच्या इतर भागांत थंडीच्या तोंडावर येणारा सौम्य ताप दिसू लागला. त्याचे वाण कावासाकी आणि कुरोकी, आणि माइटची जातही निराळी. म्हणजे वाण, माइट, ऋतू आणि आजाराची तीव्रता यांची साखळी तिथे स्पष्ट जुळते.

प्रयोगशाळेत मात्र गोष्ट बदलते. कार्प वाण उंदरांना मारतो. गिलियम वाण उंदरांच्या एका कुळाला मारतो आणि दुसरं कुळ त्यातून सहज तरतं. वाण तोच, मात्रा तीच. म्हणजे नुसता वाण सांगून भागत नाही, तो कुणाच्या अंगात शिरला हेही बघावं लागतं. माणसांत तर आणखी गोष्टी येतात: वय, मधुमेह, गरोदरपण, दारूने खराब झालेलं यकृत, आणि सगळ्यांत मोठी म्हणजे उशीर. शेजारच्या काकांना कोणता वाण होता, मला सांगता येणार नाही. त्यांना ताप किती दिवस होता आणि त्या दिवसांत काय दिलं गेलं, हे कळलं तर मात्र बरंच सांगता येईल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत, जिथे मी तेव्हा काम करत होतो तिथे, एकाच शेतावर धान कापणारे दोघे जावई-सासरे एका आठवड्याच्या अंतराने आले. सासरे साठीचे, तिसऱ्या दिवशी आले. खपली दिसली, गोळ्या दिल्या, दोन दिवसांत ताप उतरला. जावई तिशीचा धडधाकट गडी, नवव्या दिवशी आला. तोवर त्याला तीन जागी सलाइनं लागली होती. मीही पहिला दीड दिवस मलेरिया आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यातला आणखी एक ताप) मागे लागलो. कमरेचा करदोडा सरकवून खाली बघावं, हे मला सुचलं नाही. ते नर्सबाईंना सुचलं, त्याला पुसून काढताना. काळ्या दोऱ्याच्या बरोबर खाली, दोऱ्याच्याच रंगाची खपली. तो वाचला, पण दोन आठवडे व्हेंटिलेटर आणि डायलिसिसच्या फेऱ्यात काढून. एकच बांध, बहुधा एकच वाण. फरक सहा दिवसांचा.

तेव्हापासून माझा नियम आहे: भादवा ते कार्तिक या काळात पाच दिवसांवरचा ताप आला की पेशंटचं अंग पूर्ण तपासायचं. अळी बसते तिथे कपडा घट्ट असतो किंवा कातडी मऊ असते. करदोड्याखाली, नऊवारीचा कासोटा खोचतात तिथे, परकराच्या नाडीखाली, काखेत, जांघेत, स्तनांखाली, कानामागे, डोक्यात केसांच्या मुळाशी, बेंबीत. खपली सिगारेटचा चटका बसल्यासारखी दिसते, मध्ये काळी आणि कडेला लालसर. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंटला तिचा पत्ताच नसतो. “काही नाही जी तिथं” असं ठामपणे सांगतात आणि असते. काखेत किंवा जांघेत घामाने खपली भिजते. मग काळी न दिसता नुसता पांढुरका, उथळ व्रण दिसतो आणि तो हमखास सुटतो. तुमच्या आईंना खपली नव्हतीच, की दिसली नाही, हे आता सांगणं अवघड. कोरियात बहुतेक पेशंटमध्ये खपली सापडते. भारतात काही ठिकाणी निम्म्यांत, काही ठिकाणी त्याहून कितीतरी कमी जणांत. यात वाणाचा वाटा असू शकतो, सावळ्या कातडीचा आहेच, आणि शोधणाऱ्याच्या चिकाटीचाही आहे. खपली सापडली तर निदान जवळजवळ पक्कं. सापडली नाही म्हणून आजार नाही, असं मात्र कधीच म्हणायचं नाही.

बाकी लक्षणं आधी अगदी साधी असतात. अळी चिकटल्यापासून सहा ते एकवीस दिवसांनी, बहुतेकदा दहा-बारा दिवसांनी ताप चढतो. डोकं फुटेल असं दुखतं, अंग मोडून येतं, डोळे लाल, कोरडा खोकला. खपलीच्या जवळची गाठ सुजते. पुरळ येतं, पण आपल्या रंगावर ते फारसं दिसत नाही. पहिल्या आठवड्यात याला डेंग्यूपासून वेगळं काढणं खरोखर कठीण. प्लेटलेट दोन्हीकडे उतरतात. मला उपयोगी पडतो तो पांढऱ्या पेशींचा आकडा: डेंग्यूत तो बहुधा खाली जातो, इथे नॉर्मल राहतो किंवा वाढतो. ‘डेंग्यू निगेटिव्ह, प्लेटलेट कमी, यकृताचे एसजीओटी-एसजीपीटी वाढलेले’ असा कागद आला की माझ्या डोक्यात घंटा वाजते.

दुसऱ्या आठवड्यात खरं रूप कळतं. हा जंतू बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर बसतो, आणि रक्तवाहिन्या तर सगळीकडे आहेत. फुप्फुसात त्या झिरपू लागल्या की दम लागतो, आईंना झालं ते हेच. मूत्रपिंडात झालं की लघवी कमी, यकृतात झालं की कावीळ, मेंदूत झालं की बरळणं, झटके, बेशुद्धी. गोरखपूर भागात वर्षानुवर्षं दर पावसाळ्यात मुलं मेंदूज्वराने जात होती. जपानी मेंदूज्वराची लस देऊनही ते थांबेना. मग २०१५ नंतरच्या तपासण्यांत दिसलं की त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांत स्क्रब टायफसचा पुरावा आहे. आपल्याकडे २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत साथ आली, माणसं दगावली, तेव्हा कुठे हे नाव पेपरात आणि आशाताईंच्या तोंडी आलं. आजार त्याच्या आधीही होता. आपणच त्याला दुसऱ्या नावांनी हाक मारत होतो.

तपासण्यांबद्दल थोडं. जुनी वेल-फेलिक्स चाचणी अजून पुष्कळ ठिकाणी होते. ती या जंतूला शोधतच नाही. प्रोटिअस नावाच्या भलत्याच जंतूच्या ओएक्स-के प्रकाराशी प्रतिपिंडं जुळतात या योगायोगावर ती उभी आहे. पॉझिटिव्ह आली तर घ्यावी, निगेटिव्हवर विसंबू नये. आज जास्त भरवशाची आहे ती आयजीएम एलायझा, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी. पण तीही पहिल्या पाच-सात दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. इथेच वाणांची विविधता डॉक्टरांच्या कामाशी थेट भिडते. चाचणीच्या किटमध्ये एकाच वाणाचं प्रथिन असेल तर दुसऱ्या वाणाचा पेशंट सुटू शकतो, म्हणून चांगल्या किटमध्ये कार्प, काटो, गिलियम अशा तीन-चार वाणांची प्रथिनं मिसळलेली असतात. पीसीआर (जंतूची जनुकं शोधणारी चाचणी) पहिल्या आठवड्यात उपयोगी, आणि खपलीचा तुकडा घेतला तर रक्तापेक्षा जास्त उपयोगी.

तुमचा तिसरा प्रश्न यातच आला. स्ट्रेन ठरवायचा तर ५६ किलोडाल्टनच्या प्रथिनाचं जनुक वाचावं लागतं. ते काम संशोधन प्रयोगशाळांत होतं, गावच्या किंवा शहरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नाही. आईंच्या रक्तात आता जंतूच उरलेला नसणार, त्यामुळे आज नमुना दिला तरी हाती काही लागायचं नाही. आणि लागलं असतं तरी औषध तेच दिलं असतं. कोणत्या भागात कोणते वाण फिरतात हे लस आणि किट बनवणाऱ्यांना कळलंच पाहिजे, पूर्व विदर्भातून तशी माहिती यावी असं मलाही फार वाटतं. पण त्यासाठी पैसे तुम्ही खर्च करू नका.

औषध एकदम साधं आणि स्वस्त आहे. मोठ्या माणसाला डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण सात दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. गरोदर बाईला अ‍ॅझिथ्रोमायसिन. मुलांना डॉक्सीने दात पिवळे होतात ही भीती जुन्या टेट्रासायक्लिनवरून आलेली आहे. थोड्या दिवसांच्या डॉक्सीने तसं होत नाही, असं आता दिसून आलंय. गंभीर पेशंटसाठी २०२३ मध्ये भारतातल्याच सात रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे आठशे पेशंट, तीनपैकी एक उपचार: शिरेतून डॉक्सी, शिरेतून अ‍ॅझिथ्रो, किंवा दोन्ही. मृत्यू, सातव्या दिवशीही न हटलेली गुंतागुंत किंवा पाचव्या दिवशीही टिकलेला ताप, यांपैकी काहीतरी झालेले पेशंट एकेका औषधावर ४७-४८ टक्के होते, दोन्हींवर ३३ टक्के. मृत्यूच्या आकड्यात ठळक फरक दिसला नाही, तरी आयसीयूतल्या पेशंटला मी आता दोन्ही देतो. तुमच्या आईंच्या डिस्चार्ज कार्डवर ही दोन नावं असतील तर त्यांना योग्य तेच मिळालं.

उपचार न झालेल्या पेशंटांचे जुने अभ्यास एकत्र केले तर मृत्यूचं प्रमाण मध्यकाने ६ टक्क्यांच्या आसपास येतं. पण ठिकाणागणिक ते शून्यापासून ७० टक्क्यांपर्यंत हेलकावतं. त्या हेलकाव्यात वाणांचा हात असावा. उपचार झालेल्यांत तेच प्रमाण दीड टक्क्याच्या आत येतं. औषध वाणाकडे बघत नाही, म्हणून माझा भर तिथे. १९९० च्या दशकात उत्तर थायलंडमध्ये डॉक्सीला दाद न देणारे पेशंट आढळले आणि जगभर काळजी पसरली होती, पण तसा खरोखर प्रतिकार करणारा जंतू पुढे ठळकपणे सिद्ध झाला नाही. माझ्या अनुभवात डॉक्सीवर ४८ तासांत ताप हलला नाही, तर मी औषध बदलण्याआधी निदान पुन्हा तपासतो. बऱ्याचदा जोडीला डेंग्यू किंवा लेप्टो निघतो.

चुकलं का, याचं उत्तर मला देता येत नाही, पण पहिल्या सात दिवसांचा कागद काढून बघा. त्यात डॉक्सी किंवा अ‍ॅझिथ्रो कधी सुरू झालं ते दिसेल. पुढच्या वेळी तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी डॉक्टरांना आपणहून तीन गोष्टी सांगा: आई शेतात जातात, आधी दोनदा स्क्रब टायफस झालाय, आणि अंग तपासून हवंय. रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, आणि अशा पेशंटमध्ये बहुतेक ठरवतातच. मेडिकल दुकानातून आपल्या मनाने डॉक्सी आणून द्यायची मात्र नाही. मलेरिया, लेप्टो, डेंग्यू यांतलं काही त्याखाली झाकलं गेलं तर पंचाईत.

प्रतिबंधाचं बोलायला सोपं, पाळायला कठीण. धानाच्या बांधीत पूर्ण बाह्या आणि पायमोजे घालून रोवणा करा, असं सांगणाऱ्याने एकदा स्वतः करून पाहावं. जमण्यासारखं सांगतो. बांधावर, तणसावर थेट बसायचं-लवंडायचं नाही, खाली ताडपत्री किंवा पोतं टाकायचं. डबा खायला बसतानाही. शेतातून आल्या आल्या साबण लावून, अंग घासून आंघोळ. अळी चिकटल्यावर जंतू अंगात शिरायला काही तास लागतात, तेवढी संधी आपल्याला मिळते. शेतातले कपडे गवतावर वाळत न टाकता दोरीवर, आणि तेच कपडे दुसऱ्या दिवशी न धुता घालायचे नाहीत. डासांचं मलम घोट्यांना आणि कमरेला लावलं तर उपयोग होतो. घरामागचं गवत आणि लाकडांचा ढीग काढा. पण उंदरांवर एकदम विष टाकण्याआधी गवत कापा. उंदीर मेले की उपाशी माइट दुसरं अंग शोधतात, आणि ते तुमचं असू शकतं.

राहिला आईंचा कान. या आजारात कानाच्या नसेला सूज येऊन ऐकू कमी येणं, कानात आवाज येणं ही जुनी, ओळखीची गोष्ट आहे. तापात पेशंट अचानक “मोठ्यानं बोला” म्हणू लागला तर मी ते स्क्रब टायफसच्या बाजूचं चिन्ह धरतो. बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारतं. आयसीयूत दिलेल्या काही इंजेक्शनांनीही कानाला त्रास होऊ शकतो, म्हणून डिस्चार्ज कार्ड घेऊन एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. महिन्याने पुन्हा करा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की सुधारतंय की नाही ते स्वच्छ कळेल. तोवर फोनवर आईंना उत्तर द्यायला उशीर झाला तर समजून घ्या, त्यांना बहुधा ऐकूच आलेलं नसतं.